चोविसाव्या हिश्शाची काळीपिवळी

जळगावकरांना प्लास्टिकचं अप्रूप नाही. पाइप इथे बनतात, चटया इथे बनतात. तरी मागच्या मे महिन्यात दुबईहून आलेल्या एका खोक्याभोवती आमचं सगळं घर जमलं. आत जपानच्या तामिया कंपनीचा संच होता. १९६६ च्या फोक्सवॅगन बीटल मोटारीचे सुटे भाग, मूळ गाडीच्या चोविसाव्या हिश्शाचे. जोडायचे आणि रंगवायचे. इंग्लंडच्या एअरफिक्सने १९४९ साली आपला असा पहिला संच काढला, तो फर्ग्युसन ट्रॅक्टरचा. सुरुवात आपल्या खान्देशाला शोभेल अशीच म्हणायची!

संच भाच्याचा. माझे मेहुणे धुळे-पारोळा काळीपिवळी चालवत. ती विकावी लागली. पोराने जाहीर केलं, बीटल काळीपिवळीच होणार. "मामू, रंग तुम्ही आणायचा."

मी गॅरेजमधून मोटारीचा रंग आणि थिनर आणलं. चूक तिथेच झाली. हे प्लास्टिक पॉलिस्टायरीन. गॅरेजचं कडक थिनर ते खातं. ब्रशचा पहिला हात फिरला आणि बॉनेट सायीसारखं सुरकुतलं. पोरगा रडला नाही, उठून आतल्या खोलीत गेला. ते जास्त लागलं.

धुळ्याला महामार्गालगत माझा मामेभाऊ ट्रक रंगवतो. त्याने बॉनेट उन्हाकडे धरून पाहिलं. म्हणाला, "ट्रकचा हात इथे चालायचा नाही." हिशेब सोपा आहे. मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतका थर इथे दिला, तर खऱ्या गाडीच्या मापाने तो जवळजवळ अडीच मिलिमीटरचा लेप होतो. दारांच्या फटी बुजतात. शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात स्प्रेचा रंग हवेतच वाळून खरखरीत बसतो, पावसाळ्यात दमट हवेने पांढुरका पडतो. दिवाळीपर्यंत थांबलो.

मग भांड्यांच्या साबणाने भाग धुतले, कारण साच्यातलं तेलकटपण अंगावर राहिलं तर रंग धरत नाही. बॉनेटला पातळ पुट्टी, पाण्यात भिजवलेला वॉटर पेपर, मग प्रायमर. करड्या प्रायमरवर पिवळा मळकट दिसतो, म्हणून आधी पांढरा. प्लास्टिकला चालणारा स्प्रे, वीतभर अंतरावरून, नुसती धूळ बसावी इतका. वाळला की पुन्हा. छत पिवळं झालं, त्यावर टेप लावून खाली काळा. फिका आधी, गडद नंतर.

मागच्या काचेवर 'मां की दुआ' लिहायचं काम माझ्याकडे आलं. मेहुण्यांच्या गाडीवर होतं तसंच. अक्षर चार मिलिमीटरचं. आयुष्यभर लिहितोय, पण हात इतका कधी कापला नव्हता. अनुस्वार फुगला. पुसायला गेलो असतो तर काच गेली असती, राहू दिला.

मेहुणे आले. गाडी तळहातावर घेऊन बराच वेळ गप्प होते. मग आत डोकावून म्हणाले, "सीट एवढीच? मग परवडायची कशी?"