तंजावरचा रसायनग्रंथ आणि शेजारचा विद्यार्थी

तंजावरच्या राजवाड्यात सरस्वती महाल ग्रंथालय आहे. ताडपत्रे, मोडी कागद आणि संस्कृत पोथ्या यांच्या त्या भांडारात लाव्हाझिए या फ्रेंच शास्त्रज्ञाचा रसायनशास्त्राचा प्राथमिक ग्रंथही जतन केलेला आहे. पोथ्या पाहावयास आलेल्या मराठी माणसाला या शेजाराचे नवल वाटते. १७८९ साली पॅरिसमध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पाच वर्षांनी राज्यक्रांतीच्या धुमाळीत त्याच्या कर्त्याचा शिरच्छेद झाला. ग्रंथ मात्र एका मराठी राजाच्या संग्रही येऊन विसावला.

तो राजा म्हणजे दुसरे सरफोजी. १७९८ साली ते गादीवर आले आणि पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला. सत्ता गेलेल्या राजांनी दिवस कसे घालविले याची उदाहरणे इतिहासात पुष्कळ आहेत, आणि त्यांतली बहुतेक सांगण्यासारखी नाहीत. सरफोजींनी पुस्तके जमविली, विलायतेहून यंत्रे मागविली, देवनागरी खिळ्यांचा छापखाना घातला आणि राजवाड्यात ‘नवविद्याकलानिधी’ शाळा काढली. १८२६ साली बिशप हेबर तंजावरास आले. फूर्क्रुआ आणि लाव्हाझिए यांचे दाखले महाराजांच्या बोलण्यात किती सहज येतात, हे त्यांनी आश्चर्याने नमूद करून ठेवले आहे.

परंतु राजाच्या बोलण्यात आलेले रसायनशास्त्र शाळेतल्या पोराच्या डोक्यात कसे उतरावे? हा प्रश्न त्या राजवाड्यापुरता नव्हता. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात रसायनाचे पुस्तक उघडणाऱ्या प्रत्येक मुलापुढे तो आजही उभा आहे.

लाव्हाझिएचा ग्रंथ नवशिक्यांसाठीच आहे. ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावयाचे, अशी त्याची प्रतिज्ञा आहे. त्यातला पाऱ्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. चार औंस पारा आणि पन्नास घनइंच हवा एकत्र कोंडून त्याने बारा दिवस तापविली. पाऱ्यावर तांबडी पूड जमली आणि हवा सात-आठ घनइंचांनी उणी झाली. मग तीच पूड अधिक तापविली, तेव्हा पारा परत मिळाला आणि उणी झालेली तेवढीच हवाही परत मिळाली. काही नाहीसे झाले नव्हते. जे गेले ते कोठे गेले एवढेच शोधावयाचे होते. साऱ्या रसायनशास्त्राचा जमाखर्च या एका प्रयोगात आला.

वाचताना हे सोपे वाटते. पण वैद्याच्या घरातला मुलगा तेथेच अडखळेल. तांबडा पारा म्हटला की त्याला रससिंदूर आठवणार. रससिंदूर म्हणजे पारा आणि गंधक यांचे संयुग. लाव्हाझिएची पूड म्हणजे पारा आणि प्राणवायू यांचे. रंग जवळचा, घटक निराळे. गुरुजींच्या मनात रससिंदूर येतच नाही, म्हणून ते खुलासा करीत नाहीत. खुलासा करील तो शेजारी बसलेला, काल स्वतः याच ठिकाणी घसरलेला विद्यार्थी.

शेजाऱ्याचे हे सामर्थ्य ज्याने पद्धतशीर वापरले तो मनुष्यही त्याच काळी याच प्रांतात होता. मद्रासच्या एग्मोर भागातील अनाथ मुलांच्या शाळेवर १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचे पाद्री अधीक्षक झाले. देशी शाळेत मुले वाळूवर अक्षरे गिरवीत एकमेकांना शिकवितात, हे त्यांनी पाहिले होते. आपल्या शिक्षकांना ही रीत जमेना, तेव्हा त्यांनी फ्रिस्कन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाकडे मुळाक्षरांचा वर्ग सोपविला, आणि तो वर्ग चालला. १७९७ साली बेल यांनी लंडनमध्ये हा वृत्तांत छापला आणि ‘मद्रास पद्धती’ युरोपभर गेली. पुढे पुष्कळ ठिकाणी तिचे रूपांतर घोकंपट्टीच्या कारखान्यात झाले, हेही सांगितले पाहिजे. आपण ज्याला विलायती म्हणून मान दिला, त्यातले बीज आपल्याच ओसरीवरच्या धुळीत पडलेले होते.

सरफोजींच्या नावे तंजावरात १९५५ पासून शासकीय महाविद्यालय आहे. तेथे काय किंवा पुण्यात काय, पहिल्या वर्षाचा विद्यार्थी चुकतो त्या जागा ठरलेल्या असतात. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांपासून पाणी होते, हे समीकरण त्याला जुळवावयाचे असते. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. तो ‘एच-टू-ओ’च्या शेवटी आणखी एक ‘टू’ लावून मोकळा होतो. आकडे जुळतात, पण पाण्याचे पाणीपण जाते! ते झाले हायड्रोजन पेरॉक्साइड, जखमा धुण्याचे औषध. अध्यापक सांगतात, सूत्र बदलू नये. मित्र सांगतो, “अरे, भांडी वाढव, भांड्यातला पदार्थ बदलू नकोस. पाण्याचे दोन रेणू घे, म्हणजे हायड्रोजनचेही दोन लागतील.” नियम एकच, पण दुसऱ्या सांगण्यात पहिल्याने केलेली चूक दिसते.

‘मोल’ या कल्पनेचेही तसेच आहे. बारा ग्रॅम कार्बन आणि सोळा ग्रॅम ऑक्सिजन यांत अणू सारखेच, हे ऐकून मुलगा गोंधळतो. वजने निराळी, मग संख्या एक कशी? अशा वेळी कोणीतरी शंभर तीळ आणि शंभर चिंचोके यांची गोष्ट काढतो. शेकडा दोहोंकडे सारखा, तराजू मात्र एकीकडे झुकणार. एवढे पटले की सहावर तेवीस शून्ये असलेल्या अदमासाच्या संख्येची भीती पुष्कळशी ओसरते.

सरफोजींना संवादाचे हे मर्म ठाऊक असावे. ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नाटकात त्यांनी जगाचा भूगोल कुरवंजीच्या, म्हणजे भविष्य सांगत फिरणाऱ्या बाईच्या, तोंडी घातला आहे. रसायनशास्त्राची अशी कुरवंजी त्यांच्या हातून झाली असती तर मराठीचे केवढे भाग्य!

अर्थात मित्राने सांगितलेले सारेच खरे नसते. दोघे मिळून खात्रीने चुकू शकतात, आणि थोरांचीही त्यातून सुटका नाही. प्रत्येक आम्लात हा वायू असलाच पाहिजे, अशी लाव्हाझिएची समजूत होती. म्हणून त्याने त्याला ‘आम्लजनक’ या अर्थाचे ‘ऑक्सिजन’ हे नाव दिले. १८१० साली हंफ्री डेव्ही यांनी दाखवून दिले की, ज्याला आज हायड्रोक्लोरिक आम्ल म्हणतात त्यात ऑक्सिजन मुळीच नाही. समजूत मोडली, नाव राहिले. मराठीने ‘प्राणवायू’ म्हटले आणि ती या चुकीतून सुटली. तमिळमध्येही तो शब्द चालतो.

घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि पुस्तकात इंग्रजी अशा तिहेरी संसारात वाढलेला तंजावरचा एखादा विद्यार्थी कधीतरी शेजाऱ्याला विचारतो, “आम्लात जर तो नाही, तर त्याचे नाव आम्लजनक कसे?” शेजाऱ्यालाही ते ठाऊक नसते. मग दोघांनाही पुस्तक उघडावे लागते.