कच्चे काम



अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवलंत, त्याबद्दल आभार. माझ्याहून योग्य माणसं समोर बसली आहेत. असं म्हणायची प्रथा आहे म्हणून म्हणतो, आणि ते खरंही आहे. गेल्या अधिवेशनानंतर आपल्याला सोडून गेलेल्या सहकाऱ्यांना आपण सकाळी श्रद्धांजली वाहिलीच. स्वागत समितीनं काल रात्री वरण-बट्टी आणि वांग्याचं भरीत असं खिलवलं की आजचे पहिले दोन निबंध अर्ध्या सभागृहानं डोळे मिटून ऐकले. त्या निबंधकारांचेही आभार.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवतो. हे गणित शिक्षकांचं अधिवेशन. व्यासपीठावर समई आहे, तीन पुष्पगुच्छ आहेत, माझ्या नावाची पाटी आहे. फळा नाही! शिपाईमामांनी आत्ता शेजारच्या वर्गातून एक आणून टेकवला. त्यावर कुणाच्या तरी पटाची बेरीज अजून आहे. ती राहू द्या, मला खालचा अर्धा भाग पुरेल.

अध्यक्षानं गणितशिक्षणाचा आढावा घ्यायचा असतो. माझ्या टिपणात तो आहे. आधी ज्ञानरचनावाद, मग 2015चं प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र, 2020चं राष्ट्रीय धोरण, 2021चं निपुण भारत. मधल्या 2019मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' आलं आणि विधानसभेपासून वडाच्या पारापर्यंत सगळे गणितज्ञ झाले. एकवीस म्हणावं की वीस एक, यावर महिनाभर रण माजलं. ती एकवीस घेऊन पोरगं पुढे करतं काय, हे कुणी विचारलं नाही. मी तेच विचारायला उभा आहे, तेव्हा आढावा इथेच थांबवतो. छापील भाषणात तो वाचायला मिळेल, कार्यवाहांनी छापलं तर.

माझ्या खिशात एक कागद आहे. पाचवीतल्या एका मुलीच्या घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकेचं पान. साल 2004. पेपर अदलाबदलीनं तपासले जायचे, तसा हा दुसऱ्या शाळेत तपासून आला. शाळेचं नाव सांगत नाही, तपासणाऱ्या गुरुजींचंही नाही. उदाहरण असं: एका शेतकऱ्यानं आपल्या कापसापैकी एक चतुर्थांश दिवाळीआधी विकला. उरलेल्यापैकी एक तृतीयांश संक्रांतीला विकला. आता घरात 12 क्विंटल आहे. एकूण कापूस किती होता?

या मुलीनं एक आडवी पट्टी काढली, अशी. चार घरं केली. पहिल्यावर फुली मारली. उरली तीन, त्यांतल्या एकावर फुली. उरलेल्या दोन घरांखाली कंस काढून 12 लिहिलं, प्रत्येक घरात 6 लिहिलं आणि खाली लिहिलं : 24 क्विंटल. झालं. छेद नाही, समच्छेद नाही, एकातून एक छेद चार वजा नाही.

उत्तर बरोबर. पट्टीवर लाल शाईची तिरकी रेघ, शेजारी शेरा: 'रीत नाही. कच्चे काम उजवीकडे करावे.' चारपैकी एक गुण.

मुलगी पान घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, "गुरुजी, मी कच्चं काम केलंच नव्हतं." मित्रहो, या वाक्याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी दोन ओळी लिहीत जा. माझी तक्रार त्या गुरुजींबद्दल आहेच, पण हे मी तिला म्हणालो, त्याबद्दल जास्त आहे.

आता ही पट्टी माझ्याकडे कशी आली ते सांगतो, नाहीतर म्हाताऱ्यानं सिंगापूरहून आणली असं वाटायचं. तिकडे 1983च्या सुमारास खो तेक होंग यांच्या गटानं प्राथमिकच्या पुस्तकांत ती रुजवली. आधी वस्तू हाताळा, मग चित्र, मग चिन्हं, हा मानसशास्त्रज्ञ ब्रूनरचा क्रम त्यांनी मनावर घेतला आणि मधली पायरी गाळली नाही. 1995च्या आंतरराष्ट्रीय चाचणीत सिंगापूर पहिलं आलं, तेव्हा सगळं जग तिकडे बघायला लागलं. हे मला फार उशिरा कळलं. मला पट्टी दिली ती निमबटाईनं शेती करणाऱ्या एका माणसाच्या पोरानं. वर्गात तो शाब्दिक उदाहरणाला हात लावत नसे. एकदा मधल्या सुट्टीत मातीत काडीनं आखत बसला होता. विचारलं, तर म्हणाला, "आमचं वावर आहे. अर्धं मालकाचं. उरलेल्यात काका अन् आमचा बाप." हिश्श्याचा हिस्सा पोराला तोंडपाठ होता. एक छेद दोनचे एक छेद दोन म्हटलं की मात्र तो खिडकीबाहेर बघायचा.

त्या दिवसापर्यंत मी काय शिकवत होतो? ऐका, हा कबुलीजबाब आहे. 1989 साली मी एक तक्ता केला. पिवळा कार्डशीट, लाल स्केचपेन. 'एकूण, मिळून, सर्व, जास्त' म्हणजे बेरीज. 'उरले, शिल्लक, कमी, फरक' म्हणजे वजाबाकी. 'प्रत्येकी' असेल तर गुणाकार, 'समान वाटले' असेल तर भागाकार. तालुक्याच्या शैक्षणिक साहित्य प्रदर्शनात त्याला दुसरं बक्षीस मिळालं. पुढे तो झेरॉक्स होत होत किती भिंतींवर गेला, देव जाणे. निवृत्तीनंतर एका शाळेत पाहुणा म्हणून गेलो, तर खिडकीशेजारी तोच तक्ता, लॅमिनेट केलेला. अक्षर माझं नव्हतं, पाप माझं होतं.

पाप अशासाठी की तो तक्ता पोराला वाचू देत नाही. हे घ्या: रमेकडे 20 चिंचोके आहेत. ते सीमेपेक्षा 8 ने जास्त आहेत. सीमेकडे किती? तक्ता पाठ असलेलं पोरगं 'जास्त' बघतं आणि 28 लिहून मोकळं होतं. दोन आकडे दिसले, एक शब्द दिसला, काम संपलं. फ्रान्समध्ये ग्रेनोबलच्या काही शिक्षकांनी मुलांना विचारलं होतं: बोटीवर 26 मेंढ्या आणि 10 शेळ्या आहेत, कप्तानाचं वय किती? 97 मुलांपैकी 76 मुलांनी वय काढून दिलं. हे वाचून मी हसलो आणि दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं. माझ्या वर्गाचा कप्तान 36 वर्षांचा निघाला. एकानं तर रीतही दाखवली होती. त्याला त्या गुरुजींनी चारपैकी चार दिले असते.

आता चिंचोके पट्टीनं करा. दोन पट्ट्या, एकीखाली एक. हात उचलण्याआधीच ठरवावं लागतं, लांब कुणाची? रमेची की सीमेची? हे ठरवायला वाक्य परत वाचावं लागतं. पट्टीचं सगळं मोल इथे आहे. उत्तर काढण्यात तिचं काही विशेष नाही, ते बोटांवरही येतं. "गुरुजी, हे बेरजेचं का वजाबाकीचं?" हा आपल्या धंद्यातला सगळ्यात जुना प्रश्न. पट्टी काढणाऱ्या वर्गात तो दोन-तीन महिन्यांत बंद पडतो, हे मी एकदा नाही, दरवर्षी पाहिलं आहे.

आणि पोरांचं सोडा. एका प्रशिक्षणात मी शिक्षकांना 'तिप्पट' आणि 'तीन पटीने जास्त' यांच्या पट्ट्या काढायला लावल्या. तिप्पटला सगळ्यांनी तीन घरं केली. 'तीन पटीने जास्त'ला अर्ध्यांनी तीन केली, अर्ध्यांनी चार. पंचवीस-पंचवीस वर्षं शिकवणारी माणसं जेवणाची घंटा झाली तरी भांडत होती. शब्दांत भांडण दिसत नव्हतं. पट्टी काढली, तेव्हा उघडं पडलं.

सकाळपासून तीन आक्षेप कानावर आले. पहिला, वेळ जातो. हो, जातो. माझ्या वर्गात एक मुलगा पट्टी घेऊन पट्टी आखायचा, मग पेन्सिलनं रंगवायचा. एका उदाहरणाला वीस मिनिटं! 'पट्टी' म्हटलं की आमच्या पिढीला आधी तळहात आठवतो, पण त्या दिवशी मी पट्ट्या जप्त केल्या त्या मारायला नव्हे. मोकळ्या हातानं काढा म्हटलं. मापात नको, मोठं ते मोठं दिसलं की झालं. पुढच्या आठवड्यात दोन मिनिटांत उदाहरण व्हायला लागलं.

दुसरा आक्षेप आमच्या माध्यमिकच्या मित्रांचा. क्ष मानू, म्हणतात, समीकरण मांडू, चित्रं कशाला? दोन संख्यांची बेरीज 60, एक दुसरीच्या तिप्पट. ते लिहितात क्ष आणि 3क्ष. आम्ही काढतो एक घर आणि तीन घरं, चार घरांत 60, एका घरात 15. सांगा, फरक कुठे आहे? घर म्हणजेच क्ष. भास्कराचार्यांनी बीजगणितात अज्ञाताला यावत्तावत् म्हटलं, दुसरं अज्ञात आलं तर कालक, मग नीलक, पीतक. काळा, निळा, पिवळा. अज्ञाताला रंग देणारा तो माणूस आमच्या रंगीत पट्ट्यांना हसला असता असं मला वाटत नाही. आमच्या हायस्कूलच्या एका मित्राशी मी यावर सहा वर्षं वाद घातला. शेवटी त्यांनी माझ्या वर्गातून आठवीत गेलेली पोरं बघितली आणि म्हणाले, "तुमची पोरं क्षला घाबरत नाहीत, पण पट्टीही सोडत नाहीत." हे खरं आहे. सिंगापुरातल्या माध्यमिक शिक्षकांचीही हीच कुरकुर आहे. सातवीनंतर ती सोडायला कशी शिकवायची, यावर काम व्हायला हवं. कुणीतरी करावं.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा, आणि तो कुणी मोठ्यानं मांडला नाही. चहाच्या टेबलावर एका तरुण ताईंनी मला सांगितला. म्हणाल्या, "सर, आमच्याकडे आता पट्टीचे सात प्रकार पाठ करून घेतात." त्यांनी वही दाखवली. 'पट्टी प्रकार 4 : उरलेल्याचा भाग.' चौकटीत, लाल शाईनं. बघून पोटात गोळा आला. माझा पिवळा तक्ताच वेष पालटून परत आला होता! पट्टी सगळीकडे चालतही नाही. क्षेत्रफळाला ती लंगडते, ऋण संख्यांना तर रडते. न चालली तर फेकून द्या, पण तिचे प्रकार पाडू नका.

एकदा एका साहेबांना मी हे सगळं तासभर समजावलं. त्यांनी मान डोलावली आणि शेरा लिहिला: 'स्तंभालेखावर भर द्यावा.' मी काही बोललो नाही. चहा घेतला आणि आलो.

माझी मागणी एकच आहे. उत्तरपत्रिकेत पट्टी ही रीत धरावी. तिला खोडू नये, उजवीकडे ढकलू नये, तिचे गुण कापू नयेत. तसा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात यावा. मसुदा कार्यवाह करतील, सूचक-अनुमोदक मिळतीलच. शाब्दिक उदाहरणांची एक छोटी पुस्तिकाही काढावी असं मनात आहे, आपल्या शिवारातली उदाहरणं घेऊन: केळीचे घड, कपाशीच्या गाठी, एसटीचे टप्पे. तिच्यासाठी एक समिती नेमू. समितीत कोण, हे नंतर बघू. मागच्या दोन समित्यांचं काय झालं, हे इथे विचारायची जागा नाही.

ती मुलगी आज कुठे असते, मला ठाऊक नाही. सातवीनंतर त्यांचं बिऱ्हाड हललं. पान माझ्याकडे राहिलं, कारण मी म्हटलं होतं, मी बोलतो त्यांच्याशी. वीस वर्षांनी बोलतो आहे, आणि ते गुरुजी आता ऐकायला नाहीत.

इथून, चाळीसगावहून, पाटणं हाकेच्या अंतरावर आहे. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला. तसा शिलालेख आहे, भाऊ दाजींनी तो उजेडात आणला. म्हणून शेवटी लीलावतीतलं एक उदाहरण घेतो. यात्रेकरू निघाला. जवळच्या पैशांपैकी अर्धे प्रयागला दिले. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला. मग जे उरलं त्याचा चतुर्थांश वाटेतल्या करात गेला. त्यातून उरलं त्याचे सहा दशांश गयेला. 63 निष्क घेऊन घरी आला. भास्कराचार्य इष्टकर्मानं सोडवतात. मूळ रक्कम एक मानतात आणि पुढे जातात. आपण उलटे येऊ.

ही शेवटची पट्टी. दहा घरं, सहा गेली, चारांत 63. एका घरात पावणेसोळा. पावकी-निमकी म्हटलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको: दहा घरांत एकशे साडेसत्तावन्न. इथपर्यंत मी काढली. वरच्या तीन पट्ट्या राहिल्या आहेत. खुर्च्यांवर कोरे कागद ठेवायला सांगितले होते, ते घ्या. उत्तर 540 आहे, मीच सांगून टाकतो, कारण मला उत्तर नकोय. चहा तयार आहे असं कार्यवाह खुणावत आहेत. त्यांना म्हणावं, पाच मिनिटं तो गरम ठेवा. आणि मागच्या रांगेतले ते गृहस्थ, समास कशाला आखताय? पूर्ण पानावर काढा.