गव्हावाचून स्वयंपाक
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी काहीतरी उपयोगाचे बोला, असे चिटणीसबाईंनी मला बजावले आहे. मी वैद्यकशास्त्र शिकलेली नाही. शाळेत पुष्कळ वर्षे गृहशास्त्र शिकविले, आणि गेली चार वर्षे माझ्या नातीसाठी गव्हावाचून स्वयंपाक करीत आहे. एवढ्या अधिकारावर मी आज बोलणार आहे. विषय चुलीपाशी सुरू होतो आणि चुलीपाशीच संपतो, म्हणून तो तुमचा-माझाच आहे.

माझी नात सहा वर्षांची होईपर्यंत वयाच्या मानाने फार लहान दिसे. पोट फुगलेले, हातपाय काड्यांसारखे, आणि शौचाची नेहमीची तक्रार. जंताची औषधे झाली, रक्तवाढीची औषधे झाली. आमच्या सासूबाई म्हणत, "लेकराले नजर लागली." शेवटी अकोल्याला एका डॉक्टरांनी रक्त तपासले, मग दुर्बीण घालून आतड्याचा बारीकसा तुकडा तपासला, आणि सांगितले की मुलीला सीलिअ‍ॅक नावाचा आजार आहे. औषध एकच, जन्मभर गहू बंद.

हा आजार म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. गहू, जव आणि राय या तीन धान्यांत ग्लूटेन नावाचे प्रथिन असते. राय म्हणजे थंड देशांतले एक धान्य. आपली फोडणीची राई ती नव्हे. कणकेला ताण येतो, पोळी लाटता येते, पाव फुगतो, तो या ग्लूटेनमुळेच. बहुतेकांना त्याचा काही त्रास नाही. परंतु काहींच्या शरीराची रोगाशी लढणारी शक्ती या प्रथिनाला शत्रू समजते, आणि त्या लढाईत आपल्याच लहान आतड्याला इजा करते. आतड्याच्या आतल्या बाजूस मखमलीसारखे सूक्ष्म तंतू असतात. अन्नाचे सत्त्व तेच शोषून घेतात. ते झिजून सपाट झाले की ताटात कितीही वाढा, अंगी लागत नाही. पन्हाळीच फुटली, तर पाऊस कितीही पडला तरी हौद भरणार कसा?

गव्हाचा हा दोष कसा उमगला, ती हकीकत ऐकण्यासारखी आहे. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात महायुद्धामुळे त्या देशात भयंकर उपासमार झाली. पाव दिसेनासा झाला. चांगली मुले सुकत होती, पण या रोगाची मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत आला आणि ती मुले पुन्हा आजारी पडली. डिके यांचा गव्हावर संशय आधीपासूनच होता. तो या प्रसंगाने पक्का झाला, आणि १९५० साली त्यांनी आपला प्रबंध सादर केला.

तुम्ही म्हणाल, हा साहेबांचा रोग, आपल्याकडे कोठून? तसे नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत उत्तर भारतात शंभरामागे सुमारे सव्वा माणसाला हा आजार आढळला, आणि दक्षिणेत हजारामागे एकाला. या आजाराला पोषक असे वंशगुण दोन्हीकडे जवळजवळ सारखेच होते. मोठा फरक होता तो रोजच्या गव्हात.

आता आपल्या जिल्ह्याकडे पाहा. घाटावर काय आणि घाटाखाली काय, आपले रोजचे अन्न ज्वारीची भाकर. पोळी सणावाराची, पाहुण्यांची. १९५६ साली अमेरिकेशी पी. एल. ४८० चा करार झाला आणि परदेशी गहू आला. पुढे हरितक्रांतीने देशी गहू मुबलक झाला, रेशनवर मिळू लागला. इकडे ज्वारीच्या शेतांत सोयाबीन उभे राहिले. आता पोळी रोजची झाली, आणि भाकर गरिबाची ठरली. त्यावर चहाबरोबर बिस्किटे, टोस्ट, खारी. शाळेच्या डब्यात शेवयांसारखे नूडल्स. सकाळपासून रात्रीपर्यंत गहूच गहू. तेव्हा हा आजार आपल्यात नाही असे समजून चालणार नाही.

यातील एक गोष्ट मला स्त्रियांच्या सभेत मुद्दाम सांगावयाची आहे. हा आजार केवळ लहान मुलांचा नव्हे, आणि दर वेळी जुलाबच होतात असेही नाही. मोठ्या बाईत तो अंगात रक्त नसणे या रूपानेच दिसू शकतो. गोळ्या खाऊनही रक्त वाढत नाही. हाडे ठिसूळ होतात. मुलींना पाळी उशिरा येते. काहींना दिवस राहत नाहीत, काहींचे गर्भ वारंवार पडतात. अशा वेळी घरात काय बोलले जाते, ते तुम्हाला ठाऊक आहे. सून खातपीत नाही, नाटकी आहे, तिच्यात काही दोष आहे. प्रत्येक अशा बाईला हाच आजार असतो असे मुळीच नाही. कारणे पुष्कळ असतात. परंतु तिला नावे ठेवण्यापूर्वी तिचे रक्त तपासा, एवढे तर आपण करू शकतो. घरात एकाला हा आजार निघाला, तर आईबाप, भावंडे व मुले यांचीही तपासणी करावी, कारण त्यांच्यात तो बराच अधिक आढळतो.

आणखी एक सूचना. कोणी सांगितले म्हणून मनानेच गहू सोडू नका. गहू सोडल्यावर तपासणी केली तर रक्तात दोष दिसेनासा होतो आणि खरे निदान हुकते. आधी तपासणी, मग पथ्य. ज्याला आजार नाही, त्याने पोळी खुशाल खावी.

आता स्वयंपाकाकडे येते. मुलीचे निदान झाले तेव्हा नातेवाइकांनी शहरांतून ग्लूटेन नसलेल्या बिस्किटांचे, पावांचे, केकचे पुडे पाठविले. प्रेमाने पाठविले, आणि पोरीला आनंदही झाला. पण मी पुड्यावरील बारीक अक्षरे वाचली. गव्हाच्या जागी काय, तर मक्याचे किंवा टॅपिओकाचे सत्त्व, पॉलिशच्या तांदळाचे पीठ, साखर, तेल आणि ते सर्व चिकटून राहावे म्हणून घातलेले डिंकासारखे पदार्थ. कणकेचा ताण गेला, तो कशाने तरी भरून काढावाच लागतो ना! अशा बऱ्याच पदार्थांत चोथा कमी, लोह कमी, आणि किंमत मात्र साध्या पुड्याच्या कित्येक पट. ज्या मुलीची वाढ खुंटली आहे, तिचे पोट साखर आणि पिठूळ सत्त्वाने भरावयाचे, याला पथ्य कसे म्हणावे? गहू नसलेला पदार्थ पोषक असेलच असे नाही, हे ध्यानात ठेवा.

उलट आपल्या कणगीत काय आहे ते पाहा. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, भगर, राजगिरा, सर्व डाळी, शेंगदाणे, तीळ. यांपैकी कशातही ग्लूटेन नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने आणि तितकाच चोथा असतो. बाजरीत ६ मिलिग्रॅमहून अधिक लोह, नाचणीत ३६४ मिलिग्रॅम चुना म्हणजे कॅल्शियम. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. जगाने ज्याचा उत्सव केला, ती आपली भाकर होय.

शेगावच्या गजानन महाराजांच्या प्रकटदिनी घरोघर पिठले-भाकर आणि अंबाडीची भाजी यांचा नैवेद्य होतो. त्या ताटात माझ्या नातीला वर्ज्य असे काहीच नाही. शेगावची कचोरी मात्र मैद्याची, ती तिला चालत नाही. आणि ज्या तेलात कचोरी तळली, त्या तेलातली भजीही नाही.

आमच्या घरी सकाळी ज्वारीची उकडपेंडी, पोहे किंवा मुगाचे धिरडे असते. डब्यात भाकर-भाजी, किंवा भाकरीचे फोडणी दिलेले कुटके. मधल्या वेळी ज्वारीच्या लाह्या, गूळ-शेंगदाणे, ऋतूचे फळ. भाकरीला पीठ ताजे हवे. जुन्या पिठाची विरी जाते आणि भाकर थापताना फाटते. उकळत्या पाण्यात पीठ भिजविले की भाकर मऊ राहते आणि डब्यात कडक होत नाही. उन्हाळ्यात शेवया आणि कुरडया गव्हाच्या, म्हणून तिच्यासाठी ज्वारीचे धापोडे व तांदळाचे पापड करते. दिवाळीला अनारसे, बेसनाचे लाडू, आणि गहू न घालता भाजलेल्या भाजणीची चकली. पुरणपोळीच्या दिवशी ती वाटीत पुरण आणि वर तूप घेते. पहिल्या वर्षी ती त्या वाटीकडे पाहून रडली. आता तिच्या दोघी मैत्रिणी वाटीच मागतात.

गहू उघड दिसतो तेथे टाळणे सोपे. लपून बसतो तेथे खरी कसोटी. म्हणून ही यादी लक्षात ठेवा. रवा, मैदा, दलिया, खपली हे सर्व गहूच. दुकानातल्या बांधणीच्या हिंगात पुष्कळदा मैदा असतो. सातूच्या पिठात गहू असतो, आणि सातू म्हणजे जव असला तरी तोही वर्ज्यच. दुधात घालावयाच्या माल्टच्या पुडी जवापासून किंवा गव्हापासून होतात. मक्याच्या पोह्यांच्या परदेशी थाटाच्या पुड्यांतही कित्येकदा जवाचे माल्ट असते. सोया सॉसमध्ये गहू असतो. 'मल्टिग्रेन' म्हणून मिळणाऱ्या पिठात बहुधा गहूच मुख्य. विकतच्या थालीपिठाच्या भाजणीतही गहू असू शकतो. तेव्हा पुडा हातात घेतला की आधी मागची बाजू वाचा. गहू किंवा जव असल्यास तसे छापणे कायद्याने आवश्यक आहे. ग्लूटेन नसलेला म्हणून विकावयाच्या पदार्थात एका किलोमागे २० मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. जे वाचून समजत नाही, ते घेऊ नये, हा माझा साधा नियम. नाहीतरी ज्या पदार्थावर इतके वाचावे लागते, त्याहून हरभरे बरे. त्यांच्यावर काहीच लिहावे लागत नाही.

याहून अवघड गोष्ट म्हणजे चक्की. गव्हाच्या मागून ज्वारी दळली की त्या पिठात गव्हाचे पीठ आलेच. चिमूटभर गव्हानेही आतडे पुन्हा सुजते, मग पोट दुखो वा न दुखो. म्हणून बाजारातले बेसन, राजगिऱ्याचे पीठ, शिंगाड्याचे पीठ यांचाही भरवसा नसतो. धान्य स्वतः निवडावे, त्यातले गव्हाचे दाणे वेचावे, धुऊन वाळवावे आणि शक्य तर घरघंटीवर दळावे. पोळपाट-लाटणे, चाळणी आणि पिठाचा डबा वेगळा ठेवावा.

हे ऐकून काही भगिनी म्हणतील, इतके कोण सांभाळणार? मी म्हणते, आपण ते आधीपासून सांभाळतोच. एकादशीला उपवासाच्या साबुदाण्याला धान्याचा हात लागू देत नाही, डाव वेगळा, भांडे वेगळे. तीच शिस्त एका लेकरासाठी रोज पाळावयाची, इतकेच. आमच्या घरी सासूबाईंना हे पथ्य असेच पटले. वयाची ऐंशी उलटली आहे, पण नातसुनेने चुकून पोळीचा चमचा भाजीत घातला, तर त्याच प्रथम ओरडतात, "ते बाजूले ठेव, पोरीची भाजी हाय!"

गहू सुटल्यावर वर्षभरात नातीचे वजन वाढू लागले, रक्त सुधारले, आणि आता ती वर्गात मधल्या रांगेत उभी राहते. पूर्वी सर्वांत पुढे असे. परंतु एक प्रश्न एकट्या घराने सुटत नाही. वाढदिवस, हळदीकुंकू, लग्नाची पंगत, शाळेची सहल. तेथे कोणीतरी मायेने म्हणते, "एका घासाने काय होतं?" आणि पोरगी एकीकडे आजीचे तोंड पाहते, दुसरीकडे ताट. नकार देणारी मुलगी उद्धट ठरते. तिला शेजाऱ्यापाजाऱ्यांची भीती वाटू नये, असे गाव आपल्याला करता येईल काय, हा माझा आजचा खरा प्रश्न आहे.

म्हणून मंडळापुढे तीन सूचना ठेवते. पहिली, मंडळाच्या गृहोद्योगात एक घरघंटी केवळ गव्हावाचूनच्या धान्यांसाठी राखून ठेवावी. तिच्यात गहू कधीही घालू नये. दुसरी, आपण विकतो त्या प्रत्येक पापड-भाजणीच्या पुडीवर आतील जिन्नस मराठीत स्पष्ट लिहावे. तिसरी, हळदीकुंकवाच्या प्रत्येक बैठकीत एक पदार्थ असा असावा की जो कोणालाही निःशंक देता येईल. राजगिऱ्याचा लाडू किंवा ज्वारीच्या लाह्यांचा चिवडा. खर्च फारसा नाही. तालुक्यात अशी आणखी किती मुले नजर लागलेली म्हणून घरात बसली असतील, त्यांच्या आया आपल्याकडे पीठ दळावयास येतील, आणि आल्या की बोलतील. तपासणीची वाट तेथूनच त्यांना सापडेल.

 सूचनांचा विचार कार्यकारिणीने येत्या बैठकीत करावा अशी विनंती करून मी आपली रजा घेते.