परदेशातली पोळी-भाकरी

अमेरिकेत नव्याने बिऱ्हाड थाटलेल्यांना पहिला दगा देते ती पोळी. सुपरमार्केटातल्या गव्हाच्या पिठाची कणीक लाटताना आक्रसते, पोळी वातड होते. दोष हाताचा नाही. ते पीठ बहुधा पावासाठीच्या लाल, कडक गव्हाचं असतं. चिवट आणि किंचित कडवट. आपल्याकडे चक्कीत दगडाच्या घर्षणाने पिठातला स्टार्च थोडा फुटतो, म्हणून कणीक पाणी जास्त धरते आणि पोळी मऊ राहते. तेव्हा भारतीय दुकानातला आटाच बरा.

ज्वारीची मात्र गंमत आहे. कॅन्सससारख्या राज्यात ती उदंड पिकते, पण जाते मुख्यतः पशुखाद्याला, इथेनॉलला नि निर्यातीला. पीठ मिळतं ‘सॉर्गम’ या नावाने. ज्वारीत ग्लूटेन नसतं; पीठ जुनं असेल तर भाकरी थापताना चिरतेच. उकळत्या पाण्यात पीठ घालून उकड काढा, झाका आणि कोमट असतानाच मळा. काचेच्या विजेच्या शेगडीवर आर नाही, त्यामुळे भाकरी तव्यावरच फडक्याने हलके दाबून फुगवायची. आणि हो, आधी धूर ओढणारा पंखा लावा, नाहीतर छतावरची धुराची घंटा शेजाऱ्यांनाही पंगतीला बोलावते!