वऱ्हाडात आधुनिक काळ केव्हा सुरू झाला?



पातूरच्या डोंगरात कोरलेली लेणी पाहिली की प्राचीन काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. शेख बाबूंच्या दर्ग्यावरून या गावास ‘पातूर शेख बाबू’ असे नाव पडले. ती मध्ययुगाची खूण होय. परंतु आधुनिक काळ येथे केव्हा आला, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारल्यास उत्तर तितके सोपे नाही.

प्राचीन, मध्ययुगीन व आधुनिक ही विभागणी युरोपात रूढ झाली. तेथेही आधुनिक युगाचा प्रारंभ कोणी १४५३ मधील कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावापासून मानतात, कोणी कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपासून, तर कोणी १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीपासून. भारताच्या इतिहासाचे जेम्स मिलने १८१७ मध्ये हिंदू, मुसलमान व ब्रिटिश असे खंड पाडले. राज्यकर्त्यांच्या धर्मावरून काळ मोजल्यामुळे प्रजेचे जीवन त्यात झाकले गेले.

महाराष्ट्रात पेशवाईच्या अस्ताचे वर्ष, म्हणजे १८१८, ही सीमारेषा समजली जाते. वऱ्हाडास ती लागू पडत नाही. १८०३ मध्ये अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव झाला, देवगावच्या तहाने येथील भोसले व निजाम यांचा दुअंमल संपला आणि प्रांत निजामाकडे राहिला. फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लाख रुपयांवर त्याचा कायमचा पट्टा झाला.

तथापि तहावर सही झाली म्हणून शेतकऱ्याचे जीवन त्याच दिवशी पालटत नाही. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव कडाडले. १८६७ मध्ये अकोल्यावरून जाणारी रेल्वे नागपूरला पोहोचली. याच सुमारास रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी सुरू झाली. जमीन खातेदाराच्या नावे लागली, विकता व गहाण टाकता येऊ लागली. आणि ती सावकाराच्या घरी जाण्याची वाटही त्याबरोबरच मोकळी झाली.

म्हणून कसोटी बदलली की वर्षही बदलते. राज्यसत्ता पाहिली तर १८५३, बाजारपेठ पाहिली तर १८६७. आणि ग्रामीण कारभारात लोकप्रतिनिधींचा सहभाग ही कसोटी मानली, तर जिल्हा परिषदा व पंचायत समित्या स्थापन झाल्या ते १९६२. यांपैकी एकही उत्तर चुकीचे नाही. मात्र कसोटी न सांगता दिलेले प्रत्येक उत्तर अपुरे आहे.

विद्यार्थ्यांनी १८१८ हे वर्ष अवश्य शिकावे. पण त्या वर्षी आपल्या गावी कोणाचा अंमल होता, हेही विचारावे. गावात पुढे काय बदलले, याचे उत्तर जुन्या मोजणीच्या नकाशांत, सारावसुलीच्या कागदांत आणि शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीत सापडू शकते. हे कागद रद्दी म्हणून गेले, तर गावाचा इतिहास दुसऱ्यांच्या सनावळीवरच मोजला जाईल. ते जतन करणे हे शाळा व पंचायत या दोघांचेही कर्तव्य आहे.