वाट आपली, पण कोणाच्या अंगणातून?

(पवई येथे आठ मार्चच्या निमित्ताने निघालेल्या स्त्रियांच्या सायकल-फेरीनंतरच्या बैठकीत केलेले भाषण)

सकाळी आपण पवईहून निघालो आणि आरेतून फिरून परत आलो. बऱ्याच जणी आज पहिल्यांदाच डांबर सोडून मातीच्या वाटेवर उतरल्या. दोघी पडल्या. एकीचा गुडघा फुटला, आणि तीच आता सगळ्यांत पुढे बसून हसते आहे. मला आज दोन गोष्टींबद्दल बोलायचे आहे. बाईला सायकल का हवी, ही पहिली. सायकलीच्या नावाने आपल्या शहरात काय काय झाले, ही दुसरी. पहिली सांगायला सोपी आहे. दुसरी ऐकायला थोडी अवघड जाईल, पण ती आज टाळून चालणार नाही.

आज आपण ज्या जाड टायरच्या सायकली चालवल्या, त्या प्रकारची सुरुवात १९७० च्या दशकात अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या डोंगरांत झाली. काही तरुण जुन्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर शर्यती लावत. नंतर जो इतिहास सांगितला गेला तो बहुतेक पुरुषांचाच. तिथे बायकाही होत्या. जॅकी फेलन या स्पर्धक बाईने १९८७ साली खास बायकांसाठी डोंगरी सायकलीचा क्लब काढला. तिथे शर्यतीपेक्षा शिकणे, शिकवणे आणि नंतर एकत्र बसून चहा पिणे याला महत्त्व होते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सायकल शर्यत १८९६ पासून आहे, पण बायकांना रस्त्यावरच्या शर्यतीत जागा मिळायला १९८४ साल उजाडले. डोंगरी सायकल १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये आली, ती मात्र पहिल्याच दिवसापासून दोघांसाठी. इटलीच्या पाओला पेझोने बायकांतले पहिले सुवर्णपदक घेतले. जो खेळ नवा असतो तिथे 'हे बायकांचे काम नव्हे' म्हणणारी परंपरा अजून तयार झालेली नसते. आपण तिथे लवकर पोहोचायला हवे.

आता सकाळचे आठवा. खडबडीत उतारावर काय करायचे, हे आपल्याला सांगितले होते. सीट खाली घ्या. दोन्ही पेडल जमिनीला समांतर ठेवून त्यावर उभ्या राहा. अंग थोडे मागे न्या. पुढचा ब्रेक एकदम आवळू नका, नाहीतर सायकल जागीच थांबते आणि आपण हँडलवरून पुढे जाऊन पडतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे दगडाकडे बघू नका, जिथून जायचे आहे तिथे बघा. जिची नजर दगडावर खिळते ती दगडावरच जाते. मैत्रिणींनो, लहानपणापासून आपल्याला नेमके उलटे शिकवलेले असते. अंग आवळून घ्या, पाय मिटून बसा, पडू नका, लागेल, डाग राहील, मग लग्न कसे होईल. चाळिशीतल्या बाईला आपले वजन मागे कसे न्यायचे, हे शिकताना पहिल्यांदा कळते की आपल्या शरीराला वजन आहे आणि ते आपल्या मर्जीने हलवता येते. आज सकाळी हे तुमच्यापैकी अनेकींच्या चेहऱ्यावर मी पाहिले.

बाईच्या सायकलीला विरोध करायला शास्त्राचाही आधार घेतला गेला आहे. १८९० च्या दशकात युरोप-अमेरिकेत काही डॉक्टर लिहीत होते की सायकल चालवल्याने बायकांचा चेहरा कायमचा ताणलेला होतो. आपल्याकडे कौमार्याची भीती घालतात. योनीतला पडदा फाटतो म्हणून मुलीला सायकल देऊ नये, असे म्हणणारी आई आजही भेटते. हा पडदा जन्मतःच प्रत्येकीचा वेगळा असतो, आणि त्यावरून कोणत्याही मुलीबद्दल काहीही सांगता येत नाही. हे आपण शाळेतल्या मुलींना आणि त्यांच्या आयांना स्पष्ट शब्दांत सांगितले पाहिजे.

बाईच्या हातात सायकल आली की काय होते, याचे सगळ्यांत मोठे उदाहरण आपल्याच देशातले आहे. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहीम चालू झाली. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. अक्षर शिकण्याबरोबर सायकल शिकणे हा त्या मोहिमेचाच भाग केला गेला. शेतमजूर बाया, दगडखाणीत काम करणाऱ्या बाया, अंगणवाडी सेविका, शिक्षिका अशा लाखाच्या घरात बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात तेव्हा त्यांनी जेन्ट्स सायकली घेतल्या आणि मधल्या दांड्यावर मूल बसवले. पी. साईनाथ यांनी हे सगळे तिथे जाऊन लिहिले आहे. सुरुवातीला गावातून अश्लील शेरे आले. पण बसची वाट बघण्यात आणि कोणी पुरुष नेऊन सोडेल म्हणून थांबण्यात जाणारा वेळ वाचला. त्या वेळेत बाई आणखी दोन गावांत माल विकू लागली, आणि कधी नुसती बसू लागली. बिहारमध्ये २००६ पासून नववीत गेलेल्या मुलींना सायकलीसाठी पैसे मिळू लागले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या अभ्यासात असे दिसले की त्यामुळे त्या वयाच्या मुलींचे माध्यमिक शाळेतले प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले, आणि मुलगे-मुलींमधली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली.

आपल्या कोकणच्या किनाऱ्यानेही आता बायका गटाने सायकलवरून जातात. आगरदांड्याहून दिघी, वेसवीहून बागमांडला, दाभोळहून धोपावे, अशा खाड्या जंगर बोटीने ओलांडायच्या. मध्ये जांभ्या दगडाचे सडे, लाल मातीचे चढ, एका बाजूला समुद्र. हौसेने जाणाऱ्या आपण त्या चढावर धापा टाकत उतरतो, तेव्हा दप्तर अडकवलेली एखादी शाळकरी पोर साध्या, गिअर नसलेल्या सायकलवर आपल्याला मागे टाकून जाते. तिच्यासाठी ती सहल नाही, रोजची शाळा आहे. हे लक्षात ठेवले म्हणजे आपल्या धाडसाचा तोरा जरा जागेवर येतो.

सुरक्षिततेचे काय, हा प्रश्न कोणीतरी विचारणारच. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ साली, वयाच्या विशीत, एकटीने १४ देशांतून सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत सायकलवर केली. वाटेत स्पेनमध्ये तिला चाकू दाखवून लुटले. तरी ती पुढे गेली. 'बघा, म्हणूनच मुलींनी एकटे जाऊ नये' असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच आहे की लुटारूचा बंदोबस्त करायचा असतो, वाटसरूचा नाही. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांवर 'व्हाय लॉयटर?' हे पुस्तक लिहिले. कामाशिवाय, नुसते मजेसाठी सार्वजनिक जागेत असण्याचा बाईचा हक्क आणि तिथला धोका आपल्या मर्जीने पत्करण्याचा हक्क त्यांनी मांडला. आज सकाळी आपण तोच हक्क वापरला.

आता दुसरी गोष्ट.

या पवई तलावाभोवती महापालिकेने सायकल आणि जॉगिंगचा सुमारे दहा किलोमीटरचा मार्ग आखला. २०२१ मध्ये काम सुरू झाले. काठावर जाळीच्या पेट्यांत दगड भरून पाया रचला जाऊ लागला. हा तलाव १८९१ च्या सुमाराचा. त्यात मगरी आहेत, काठावर पक्षी येतात, वर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे जंगल आहे. आयआयटीतले विद्यार्थी उच्च न्यायालयात गेले. ६ मे २०२२ रोजी न्यायालयाने हे बांधकाम बेकायदा ठरवले आणि ते काढून जागा पूर्ववत करायला सांगितले. २०१७ च्या पाणथळ जागांच्या नियमांप्रमाणे अशा ठिकाणी कायमचे बांधकाम करता येत नाही.

दुसरा मार्ग मुलुंडपासून शीवपर्यंत, तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने, ३९ किलोमीटरचा. जलवाहिनीच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची वस्ती हटवण्याचा आदेश न्यायालयाचा होता, आणि पाण्याची सुरक्षा हा खरा प्रश्न आहे, हे मी नाकारत नाही. पण रिकाम्या झालेल्या पट्ट्यावर सायकल आणि फिरण्याची वाट आखली गेली, आणि तिथून उठवलेल्या कुटुंबांपैकी हजारोंना माहुलला पाठवले गेले. माहुल तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या शेजारी आहे. तिथे गेलेल्या बायकांनी खोकला, त्वचेचे आजार, मुलांची सुटलेली शाळा आणि हातची गेलेली घरकामे यांचा हिशेब मांडला. त्या रस्त्यावर बसल्या, न्यायालयात गेल्या. २०१९ साली उच्च न्यायालयाने सांगितले की माहुलला राहायची सक्ती करता येणार नाही, दुसरीकडे घर द्या, नाहीतर दरमहा पंधरा हजार रुपये भाडे द्या.

मैत्रिणींनो, अशा मार्गांच्या चित्रांत नेहमी एक हसणारी बाई सायकलवर दाखवलेली असते. ती बाई म्हणजे आपण. आपले नाव पुढे करून दुसऱ्या बाईचे घर उठणार असेल, तर आपण गप्प बसायचे का? आज आपण ज्या मातीच्या वाटांवरून गेलो त्या आरेतल्या पाड्यांच्या पायवाटा आहेत. तिथे सत्तावीस पाडे आहेत. वीज, पाणी, संडास यांसाठी तिथल्या बायकांना वर्षानुवर्षे भांडावे लागले. आपण सकाळी त्यांच्या अंगणाच्या कडेने गेलो आणि त्यांनी आपल्याला पाणी दिले. उद्या त्याच वाटेला फरसबंदी, फाटक आणि तिकीट आले, तर आपण कोणाच्या बाजूने उभ्या राहणार, हे आजच ठरवले पाहिजे.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. नवा रस्ता नको, आहे त्या रस्त्यावर दिवे लावा आणि गाड्यांचा वेग आवरा. बायकांसाठी स्वच्छ, उघडी स्वच्छतागृहे द्या. पालिकेच्या शाळांतल्या मुलींना सायकली द्या आणि त्या दुरुस्त करायला शिकवा. पाणथळ जागा आणि पाडे यांच्याबद्दल काही ठरवायचे असेल तर तिथल्या बायकांना आधी विचारा. आणि एक मागणी घरची आहे. रविवारी सकाळी दोन तास चहा-नाष्टा आणि मुले घरातल्या पुरुषाने सांभाळायची. सायकल भाड्याने मिळते, हे दोन तास मिळत नाहीत.

पुढच्या महिन्यात पाड्यावरच्या ज्या मुलींना सायकल शिकायची आहे त्यांच्याकडे आपण जाणार आहोत. चार सायकली आहेत, शिकवणाऱ्या सहा जणी हव्यात. नावे माझ्याकडे द्या. गुडघा फुटलेलीने पहिले नाव आधीच दिले आहे.