एकोणचाळीस आकड्यांची संख्या

मी कवी माणूस, शिक्षण बी.ए. मात्रा मोजण्यापुरताच आकड्यांशी संबंध. पण त्या मोजणीतच कळते, की चोवीस मात्रांची ओळ आठ-आठच्या तुकड्यांत बसते. एकतीस मात्रांची कशीही तोडा, सारखे तुकडे पडत नाहीत. ३१ ही मूळ संख्या. आज तिच्या एका थोरल्या बहिणीविषयी बोलतो.

दोन हा आकडा १२७ वेळा मांडून गुणाकार करा आणि उत्तरातून एक वजा करा. येते ती ही : १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. एकेका विभाजकाने तपासायची म्हटले, तर सेकंदाला शंभर कोटी भागाकार करणाऱ्या यंत्रालाही चारशे वर्षे लागतील.

पॅरिसचे धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची यादी दिली. तीत १२७ होता, ६७ही होता. पुरावा नव्हता, नाव मोठे होते. निकाल लागला १८७६ साली. एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने भागाकार न करताच पारख करण्याची कसोटी काढली. पुढे अमेरिकेच्या लेमर यांनी ती सुटसुटीत केली.

हाताशी पेन्सिल असेल तर करून पाहा. पाच दोन गुणून एक काढला की ३१. आता ४ घ्या. वर्ग करा, दोन वजा करा : १४. पुन्हा तेच : १९४. याला ३१ने भागून बाकी ठेवा : ८. पुन्हा तेच : ६२. आता ३१ने नि:शेष भाग जातो, म्हणून ३१ मूळ. पाचातून दोन गेले, पायऱ्या तीन. १२७साठी पायऱ्या १२५, आणि मधले आकडे अगडबंब. ल्युकाचे काम कागदावरचे, संगणक नव्हताच. १२७ खरा ठरला. ७५ वर्षे त्याहून मोठी मूळ संख्या कुणाला सापडली नाही.

६७ मात्र खोटा निघाला. मला थक्क करते ते हेच. ही संख्या तुटते एवढे ल्युकाने सिद्ध केले. कुठे तुटते ते त्यालाही माहीत नव्हते. काही घरांचे असेच असते : भिंत सांधलेली आहे हे हाताला कळते, सांधा दिसत नाही. तो सांधा अमेरिकेत फ्रँक कोल यांनी १९०३ मध्ये दाखवला. १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७.

ऑक्टोबर २०२४ मध्ये याच कुळातली एक मूळ संख्या सापडली. त्यात दोन १३,६२,७९,८४१ वेळा गुणायचा असतो. उत्तरात चार कोटींहून अधिक आकडे. तिच्यावर शिक्कामोर्तब झाले तेही संगणकांनी याच कसोटीवर : वर्ग करा, दोन वजा करा, बाकी ठेवा.